मागे राहिलेली टाळी

यंदाच्या अंकासाठी आम्ही काहीतरी हलकेफुलके लिहून द्यावे, असा संपादकमंडळाचा आग्रह होता. संपादकमंडळ म्हणजे इयत्ता नववीतील पाच मुले आणि त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या बाई. त्यांपैकी एकाने तर विषयही सुचविला. "सर, तो तुमचा टीव्ही रेकॉर्ड करण्याचा किस्सा लिहा ना!" समास शिकविताना पेंगू लागलेल्या वर्गाला जागे ठेवण्यासाठी आम्ही तो किस्सा कधीतरी अर्धाच सांगितला होता. उरलेला अर्धा का सांगितला नाही, हे त्या मुलांस ठाऊक असण्याचे कारण नाही. आता मागणी आलीच आहे, तर तो पुरा सांगून टाकतो.

आजच्या विद्यार्थ्याला प्रथम एक गोष्ट समजावून द्यावयास हवी. आमच्या विद्यार्थिदशेत दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम हा आगगाडीसारखा असे. ठरल्या वेळी यावयाचा आणि आपण फलाटावर नसलो तर निघून जावयाचा. आता हव्या त्या घटकेस हवा तो कार्यक्रम खिशातील यंत्रावर पाहता येतो. त्या वेळी चुकला तो चुकला. यावर उपाय म्हणून श्रीमंतांच्या घरी कॅसेटवर चित्रमुद्रण करणारे यंत्र असे. आमच्या घरी ते नव्हते. मात्र 2005 साली एक जुना संगणक आला होता आणि शिकवण्यांच्या पैशांतून, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात असताना, आम्ही त्यात 'टीव्ही ट्यूनर कार्ड' नावाची एक हिरवी पट्टी बसवून घेतली. केबलची तार टीव्हीच्या पाठीतून काढून या पट्टीला जोडली की संगणकाच्या पडद्यावर चित्र दिसे आणि एक बटण दाबले की ते साठविले जाई. निदान पट्टीच्या खोक्यावर तरी तसे छापलेले होते.

त्या खोक्यावर जे छापलेले नव्हते, ते आम्ही पुढील तीन वर्षांत एकेक करून शिकलो.

पहिला धडा अंकगणिताचा. आपल्याकडील दूरचित्रवाणीचे चित्र म्हणजे सेकंदाला 25 स्थिर चित्रे. प्रत्येक चित्रात आडवे 720 आणि उभे 576 ठिपके आणि प्रत्येक ठिपक्यास दोन बाइट. हा गुणाकार फळ्यावर करून पाहा. सेकंदाला दोन कोटी सात लाख बाइट आणि तासाला सुमारे 75 जीबी! आमच्या संगणकाची संपूर्ण हार्ड डिस्क 40 जीबीची होती. म्हणजे चित्र जसेच्या तसे साठवावयाचे तर अर्ध्या तासात घर भरून जावे आणि पाहुणा दारातच उभा राहावा. म्हणून चित्र दाबून, आवळून लहान करावयाचे. तसे केले की तासाला दोन जीबी पुरतात. परंतु हे आवळण्याचे काम चित्र येत असतानाच, सेकंदाला पंचवीस या गतीने, संगणकाच्या बिचाऱ्या प्रोसेसरने करावयाचे असते. त्याला मध्ये श्वास घ्यावयासही फुरसत नसते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी; पुढे तिच्याशी गाठ आहे.

दुसरा धडा क्रिकेटचा. दिनांक 24 सप्टेंबर 2007 रोजी जोहान्सबर्ग येथे वीस षटकांच्या पहिल्या विश्वचषकाचा अंतिम सामना भारत आणि पाकिस्तान यांच्यात झाला. त्या संध्याकाळी आम्हांस जत्रेच्या नाटकाच्या तालमीला जावे लागले. नाटकात आमची भूमिका तीन वाक्यांची होती, परंतु दिग्दर्शक कडक होते. घरून निघताना आम्ही संगणकास कामाला लावले आणि निश्चिंत झालो. भारताने पाच धावांनी सामना जिंकला, शेवटचे षटक जोगिंदर शर्माने टाकले, मिस्बाहने मागे उचललेला चेंडू श्रीशांतने झेलला, ही वार्ता तालमीत पोहोचली तेव्हा सर्वांनी नाच केला. आम्ही मात्र मनात म्हटले, नाचा, नाचा! तुम्ही नुसते ऐकले, आम्ही घरी जाऊन पाहणार आहो. घरी येऊन पाहतो तो पाकिस्तानच्या डावास नुकताच प्रारंभ झालेला आणि तेथेच चित्र थिजलेले. संगणकाची ती जुनी डिस्क ज्या पद्धतीने आखलेली होती, त्या फॅट-32 पद्धतीत एक फाइल 4 जीबीहून मोठी होऊच शकत नाही. दोन तासांत ती मर्यादा भरली आणि यंत्र आज्ञाधारकपणे थांबले. श्रीशांतचा तो झेल आम्ही दुसऱ्या दिवशी बातम्यांत, इतर सर्व भारतवर्षाबरोबरच पाहिला.

यानंतरच्या लहानसहान फजित्या भराभर सांगून टाकतो. आईच्या आवडत्या मालिकेची वेळ रात्री साडेआठची. आम्ही सकाळचे साडेआठ लावून ठेविले आणि तिला अर्धा तास भाज्या चिरण्याच्या यंत्राची जाहिरात दाखविली. एकदा केबलवाल्याने रातोरात वाहिन्यांच्या जागा बदलल्या आणि आमच्या संगणकाने मराठी नाटकाऐवजी मोठ्या निष्ठेने तेलुगू चित्रपट साठविला. एकदा भर पावसात माडाची झावळी विजेच्या तारांवर पडली आणि अर्धवट लिहिली गेलेली फाइल पुन्हा कधी उघडली नाही. प्रत्येक वेळी आई म्हणे, "राहू दे रे, नाही पाहिले म्हणून काय बिघडते?" आणि प्रत्येक वेळी आम्ही तिला पुढच्या खेपेचे वचन देत असू.

एक शंका कुणाच्या मनात येईल, म्हणून सांगतो. स्वतःच्या खाजगी उपयोगासाठी किंवा प्रामाणिक अध्यापनासाठी प्रसारणाचे असे मुद्रण करणे हा आपल्याकडील 1957 च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे गुन्हा नव्हे. शिक्षकाने कायद्याच्या बाजूचे असलेले बरे.

आता 2010 सालच्या चवथीकडे येतो.

आमचा गाव अंत्रुज महालातला. गोव्याबाहेरील वाचकांस सांगावयाचे तर फोंडा तालुक्यातला. घरी आम्ही कोकणी बोलतो, शाळेत मराठी शिकवितो. आमच्या आईच्या फुगडीत मात्र या दोन्ही भाषा एकाच गोलात फेर धरीत. एक गाणे कोकणी, दुसरे मराठी, तिसऱ्यात ध्रुवपद एका भाषेत आणि कडवी दुसऱ्या भाषेत. म्हणणाऱ्या बायकांना त्यात काही विशेष वाटत नसे. चवथीच्या दिवसांत वाड्यावरच्या बायका आवरासावर करून रात्री घराघरांतून गणपतीपुढे फुगड्या घालीत. आमची आई त्यांची म्होरकीण. ती ओळ सांगणार, इतरांनी ती झेलावयाची. प्रथम संथ फेर, पुढे झुकून एक टाळी, पुन्हा फेर, मग लय चढू लागे आणि शेवटी गाणे संपून नुसता पायांचा ठेका, टाळ्या आणि तोंडाने सोडलेला 'फू, फू' असा फुंकार उरे. घरी एरव्ही हळू बोलणारी ही बाई त्या गोलात निराळीच दिसे.

त्या वर्षी आमच्या वाड्याच्या पथकाने एका फुगडी स्पर्धेत भाग घेतला. पारितोषिक मिळाले नाही. परंतु एका लहानशा स्थानिक केबल वाहिनीने स्पर्धेतील सर्व पथकांचे चित्रण केले होते आणि चवथीच्या दुसऱ्या दिवशी, सायंकाळी सात वाजता, आमच्या पथकाची वीस मिनिटे दाखविली जाणार होती. आई दूरचित्रवाणीवर दिसणार! घरात कोण धांदल उडाली! बाबांनी नातेवाइकांना दूरध्वनी केले. आम्ही संगणक उघडून बसलो.

या खेपेस आम्ही काहीही दैवावर सोपविले नव्हते. डिस्क पुसून नव्या पद्धतीने आखून घेतली होती. वेळेचे सकाळ-संध्याकाळ तीनदा तपासले. विजेचा भरवसा नाही म्हणून मित्राचा यूपीएस मागून आणला. केबलची तार टीव्ही आणि संगणक अशा दोघांत वाटून दिली की चित्र मुंग्या येऊन फिके पडते, हा अनुभव असल्यामुळे ती टीव्हीतून काढून सरळ संगणकाला लावली. संगणकावर चित्र दाखविणे आणि साठविणे अशी दोन कामे एकदम दिली तर प्रोसेसरवर भार पडतो, म्हणून दाखविण्याची खिडकी बंद ठेवली. वाचकांच्या ध्यानात आले असेलच. आमच्या घरातील टीव्ही मुका होता, संगणकाचा पडदा काळा होता आणि आमच्या आईचा कार्यक्रम अख्ख्या वाड्यात फक्त आमच्याच घरी दिसत नव्हता.

आई स्वयंपाकघरात नेवऱ्या तळीत होती. तिने हात पुसत येऊन विचारले, "सुरू झाले का?"

"सुरू झाले. पण आता पाहायचे नाही. नंतर सावकाश पाहू."

शेजारच्या घरातून तिचाच आवाज येत होता. ती क्षणभर उंबऱ्याशी उभी राहून ऐकत राहिली. शेजारणीने हाकही मारली. "तू जाऊन ये," असे आम्ही म्हणावयास हवे होते. आम्ही म्हटले नाही, कारण आमचे सारे लक्ष डिस्ककडे होते. कढईतील तेल तापले होते. ती आत गेली.

आणि आम्ही काय करीत होतो? दर दोन मिनिटांनी, फाइल वाढते आहे ना, हे उघडून पाहत होतो. दहाव्या मिनिटाला तर अर्धवट फाइल चालू होते का, याचीही परीक्षा घेतली. प्रत्येक वेळी प्रोसेसर आपले काम टाकून आमच्या शंकेचे समाधान करण्यास धावे आणि तेवढ्या वेळात आलेली चित्रे टिपावयाची राहून जात. आवाजाचे ओझे चित्राच्या शंभरावा हिस्साही नसल्यामुळे आवाज मात्र अखंड साठत होता. वीस मिनिटांची चित्रे होतात तीस हजार. त्यांतील शंभरेक निसटली. तीस हजारांत शंभर म्हणजे काहीच नव्हे, असे वाटेल. परंतु निसटलेल्या चित्रांची जागा रिकामी ठेवली जात नाही. मागची पुढे सरकतात. सेकंदाला पंचवीसप्रमाणे शंभर चित्रे म्हणजे चार सेकंद. शेवटाकडे येईतो चित्र आवाजाच्या चार सेकंद पुढे निघून गेले होते.

एखादे भाषण असते तर निभावले असते. ही फुगडी होती. हात मिळत आणि टाळी येईना. बायका उभ्या राहून घाम पुशीत आणि टाळ्यांचा कडकडाट चाले. ओठ मिटल्यावर फुंकार ऐकू येई. रात्री पाहुण्यांच्या देखत हा प्रकार उघडकीस आला तेव्हा आमचे तोंड पाहण्यासारखे झाले होते म्हणे. आई मात्र पोट धरधरून हसली. "आमचे हात आवाजापेक्षा हुशार आहेत," असे म्हणून तिने ती वीस मिनिटे दोनदा पाहिली. पुढे कधी ती फाइल उघडली गेल्याचे आठवत नाही. वाहिनी पुन्हा दाखवील तेव्हा नीट मुद्रित करू, असे आम्ही ठरविले.

वाहिनीने ते पुन्हा दाखविले नाही. पुढे केबल डिजिटल झाली, आमची हिरवी पट्टी निरुपयोगी होऊन अडगळीत गेली, आम्ही नोकरीला लागलो. 2018 साली आई वारली.

वर्षश्राद्ध झाल्यावर आम्ही त्या वाहिनीचा शोध घेतला. ती केव्हाच बंद पडली होती. तेथे काम केलेल्या एका गृहस्थांनी सांगितले की त्या काळी फिती महाग, म्हणून एकीवरच पुन्हा पुन्हा चित्रण करीत. आम्हांस त्यांचा राग आला नाही. बीबीसीसारख्या संस्थेने 1960 आणि 1970 च्या दशकांत आपल्या कितीतरी कार्यक्रमांच्या फिती पुसून पुन्हा वापरल्या. 1969 साली मनुष्य चंद्रावर उतरला, त्या प्रसंगाच्या मूळ दर्जाच्या फितीही बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असे नासाला 2009 साली सांगावे लागले. चंद्राची ही कथा, तेथे आमच्या वाड्याच्या फुगडीचे काय! उलट अमेरिकेत मेरियन स्टोक्स नावाच्या एका बाई होऊन गेल्या. त्यांनी फिलाडेल्फियातील आपल्या घरी तीस वर्षांहून अधिक काळ, 2012 मध्ये मृत्यू येईपर्यंत, दूरचित्रवाणीच्या बातम्या अहोरात्र मुद्रित केल्या. हजारो कॅसेटी जमल्या. लोक त्यांना विक्षिप्त समजत. आम्ही त्यांच्याविषयी प्रथम वाचले तेव्हा आम्हांसही हसू आले होते.

तेव्हा जगात उरली ती आमची, चित्राने आवाजाला मागे टाकलेली, फाइल. छायाचित्रे पुष्कळ आहेत. परंतु चालणारी, गाणारी आई एवढ्याच वीस मिनिटांत आहे. आम्ही ती उघडावयाचो आणि सात-आठ मिनिटांपुढे पाहवत नसे. चूक कोणाची हे प्रत्येक टाळीगणिक कळे. वर्गात किस्सा अर्धा राहतो तो येथे.

गेल्या वर्षी शाळेच्या संगणकखोलीत एका मुलाला आम्ही सहज विचारले की असा घोळ निस्तरता येतो काय. मुलगा त्या वेळी आठवीत होता, मराठीत बेताचा, परंतु या विद्येत आमचा गुरू. त्याने प्रथम मूळ फाइलची एक प्रत काढून मूळ फाइल निराळी ठेवून दिली. "सर, मूळ फाइलला हात लावायचा नाही," असे त्याने आम्हांसच बजावले. मग आवाज वेगळा काढून त्याची आकृती पडद्यावर मांडली. गाणे म्हणजे लाटा आणि प्रत्येक टाळी म्हणजे लाटांतून वर आलेला काटा. चित्रपटाच्या चित्रणाच्या वेळी पाटीवरील फळी आपटतात, ती याचसाठी. फळी मिटलेली दिसते ते चित्र आणि तिचा आवाज एकत्र आणले की पुढचे सर्व जुळते. येथे तर दर चार पावलांवर टाळी होती. चित्रे सारखी न निसटता पुंजक्यापुंजक्यांनी निसटली असल्यामुळे आवाज एकदाच सरकवून भागेना. त्याने वीस मिनिटांचे एकोणीस तुकडे केले. छायाचित्रकाराने कॅमेरा बहुतेक वेळ आईवरच रोखला होता, म्हणून आईचे हात ज्या चित्रात मिळतात त्या चित्राखाली काटा, असा हिशेब धरून त्याने तीन आठवडे, मधल्या सुट्टीत डबा खात खात, सगळे जुळविले. गेलेली शंभर चित्रे काही परत आली नाहीत. तेथे आई किंचित दचकल्यासारखी हलते. परंतु हात मिळतात तेव्हा टाळी वाजते.

यंदाच्या चवथीत तो मुलगा आपल्या वडिलांबरोबर आमच्या घरी आरतीला आला होता. आरतीनंतर आम्ही ती जुळविलेली चित्रफीत सर्वांना दाखविली. बाबा काही बोलले नाहीत. काकी त्या वेळी त्याच गोलात, आईच्या उजव्या हाताला होती. ती डोळे बारीक करून पाहत राहिली आणि दुसऱ्या फुगडीला म्हणाली, "ना रे. हें चुकलां. तुजी आवय सदांच पयलीं ताळी मारताली!"

आम्हांस प्रथम उमगले नाही. काकीने समजावून सांगितले. म्होरकीण म्हणून आईची टाळी नेहमीच इतरांच्या किंचित आधी पडे. ती लय ओढून नेई आणि बाकीच्या मागून येत. याबद्दल बायका तिला चिडवीतही असत. आवाजातील काटा तो सगळ्यांच्या टाळीचा. तो आईच्या हाताखाली बसविला म्हणजे तिला इतरांबरोबर आणून बसविल्यासारखे झाले.

मुलगा तत्काळ म्हणाला, "सर, मूळ फाइलचे पहिले मिनिट पाहू." त्या मिनिटात आम्ही काहीही उघडून पाहिले नव्हते, चित्रे निसटली नव्हती. तेथेही आईचे हात आवाजाच्या थोडे पुढे होते. तो आम्ही सर्वांनी दोषाचाच आरंभ मानला होता. त्याने एकेक चित्र पुढे सरकवीत मोजले. तीन चित्रे. सेकंदाच्या आठव्या भागाहूनही किंचित कमी. दुसऱ्या टाळीला तीन, तिसऱ्या टाळीलाही तीन. काकी म्हणाली, "मी सांगितले ना!" आणि प्रसादाचे ताट आणावयास आत गेली.

सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याने एकोणिसाही तुकड्यांतील आवाज तीन चित्रे मागे सरकविला.